‘लाईन आली’ नावाचं अ‍ॅप

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात शेतीच्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, कधी येईल याचा भरवसा नसतो. माझे मोठे काका दुखरे गुडघे घेऊन शेतात जायचे आणि बंद मोटार पाहून परत यायचे. म्हणून मी, अमरावतीत सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा त्यांचा पुतण्या, एक अ‍ॅप केलं. ज्याच्या शेतात लाईन आधी दिसेल त्यानं बटण दाबायचं, की सगळ्यांचे फोन वाजायचे. बस, एवढंच.

ते पसरलं आमच्या पद्धतीनं. लग्नात पंगत उठली की मांडवातच लोक ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देत. काका तर नवरदेवाच्या मामालाही सोडत नसत. “आमच्या पोरानं केलं हाय,” म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

या फोनची मूळ प्रणाली खुली आहे, कोणीही घ्यावी, असं ती काढणारी कंपनी छाती ठोकून सांगते. अंगण सगळ्यांचं, फाटकाची किल्ली मात्र तिच्या कमरेला. तिच्या दुकानात अ‍ॅप ठेवायला अर्ज केला, तर नकार आला. कारण विचारलं, तर तोच नकार पुन्हा. मग एका अपडेटनंतर सगळ्यांच्या फोनवर शुद्ध मराठीत पाटी झळकली: हे अ‍ॅप धोकादायक आहे, तुमची माहिती चोरली जाऊ शकते.

काकांनी ती पाटी एका साखरपुड्यात चष्मा लावून मोठ्यानं वाचली. मी समोरच बसलो होतो.

“काय चोरून राहिला होता रे तू?”

“काहीच नाही, काका. त्याईच्या दुकानाबाहेरचं असलं की ते साऱ्याईलेच असं म्हणतेत.”

“एवढे मोठे लोक खोटं कावून बोलतीन?”

मी समजावत राहिलो आणि जितकं बोललो तितका जास्त चोर दिसत गेलो. जेवणं आटोपेपर्यंत मांडवातल्या बहुतेकांनी अ‍ॅप काढून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या हंगामात त्याच दुकानात तसंच अ‍ॅप आलं, कुठल्याशा बड्या कंपनीचं. आधी फवारणीच्या औषधाची जाहिरात, मग लाईनची खबर. त्यानं फोनमधली सगळी नावं-नंबर मागितले आणि काकांनी खुशाल हो म्हटलं.

परवा ते अकोल्याला दवाखान्यात आले होते, मीही अमरावतीहून तिथे गेलो, तेव्हा त्यांनी मला ते कौतुकानं दाखवलं. “हे पाय. कंपनीचं हाय. याच्यात भेव नाही.”

नीट पाहावं म्हणून मी हात पुढे केला. पोहायला शिकवताना ज्यांनी मला पाठीवर घेऊन विहिरीत उडी मारली होती, त्या काकांनी फोन बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.