बिबट्या न पाहिलेला माणूस

जुन्नर तालुक्यात बिबट्या दिसणं सोपं आहे, बिबट्या न पाहिलेला माणूस दिसणं अवघड. इकडे डेअरीवर दूध घालायला निघालेल्याने बिबट्या पाहिलाय, उसाला पाणी देणाऱ्याने पाहिलाय, लग्नाच्या पत्रिका वाटायला आलेल्या पाहुण्याने पाहिलाय आणि ज्याने स्वतः पाहिला नाही त्याच्या मेहुण्याने तरी पाहिलाच आहे. कुणाकडेही जा, चहा उकळेपर्यंत एक बिबट्या होतो आणि बशीत ओतून पिईपर्यंत दुसरा. अशा मुलखात डिंगोऱ्याचे माझे मामा भर पारावर छाती पुढे काढून सांगायचे, "आमी न्हाई पायला."

सत्तरी ओलांडलेला, उसाच्या बांधावर वाढलेला माणूस असं म्हणाला की पारावर शांतता पसरायची. आपल्याकडे आधार कार्ड नाही, असं कुणी सांगावं तशी. लोक एकमेकांकडे बघायचे. एखादा मायाळू म्हातारा समजूत घालायचा, "पायला आसंल हो मामा. ध्यानात नसंल."

"ध्यानात नसंल?" मामा भडकायचे. "बिबट्या हाय का चष्मा?"

मामांच्या टोपीच्या घडीत कायम एक कोळशाचा तुकडा असायचा. त्यामुळे त्यांच्या कपाळावर बुक्का लावल्यासारखा काळा डाग पडलेला असे आणि नवखी माणसं त्यांना मोठा माळकरी समजून पाया पडत. मामा आशीर्वाद देऊन मोकळे होत. कोळसा खरं तर भिंतीसाठी होता. गोठ्याला लागून पेंडीची पोती ठेवायची एक खोली होती. तिच्या चुना दिलेल्या भिंतीवर मामांनी मधोमध उभी रेघ ओढली होती. डावीकडे लिहिलं होतं 'झालं', उजवीकडे 'राह्यलं'.

हे सुरू झालं ते केकपासून. मामांना साठ वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मुलाने, दत्तूने, चाकणहून केक आणला. मामांनी जन्मात पहिल्यांदा मेणबत्ती विझवली आणि म्हणाले, "चला, हे बी झालं." मग तोंडात केक धरून तसेच विचारात पडले, की आणखी काय काय झालंय? आणि काय राह्यलंय? दुसऱ्या दिवशी चुलीतला कोळसा गेला कुठे म्हणून मामी शोधत होत्या आणि मामा पेंडीच्या खोलीत भिंतीशी बोलत होते.

भिंतीचे नियम कडक होते. मामा ते बोटांवर मोजून सांगत. "जागेपनी झालं पायजे. सोताच्या अंगावर झालं पायजे. आन् दोन साक्षीदार पायजेत. न्हायतर काय, कुनीबी काय बी लिहील." म्हणून 'झालं'खाली 'समुद्र, गुडघ्यापर्यंत' असं होतं, कारण त्याच्या वर मामा गेलेच नव्हते. 'विमान, खालून' हे बरोब्बर रेघेवर लिहिलेलं होतं. 'गारपीट, तीनदा, पुरे' आणि 'पिझ्झा, एकदा, पुरे' हे शेजारीशेजारी होते. ग्रामपंचायतीला मामा एकदा उभे राहिले होते. घरात मतं नऊ, मामांना पडली सहा. त्यांनी शांतपणे 'निवडणूक' असं 'झालं'मध्ये लिहिलं आणि त्याखाली 'घरात फितुरी' हेही 'झालं'मध्येच लिहिलं.

उजवी बाजू वाचायला मला जास्त आवडायची. तिथे 'रेल्वे' होती. मी म्हणायचो, "मामा, पुण्याला जाऊन बसून येऊ की एकदा." मामा म्हणायचे, "आपल्याकडं येनार हाय ती, सर्वे झालाय. दारात आली की बसू. आपन कशाला तिच्या मागं लागायचं?" तिथेच 'भूकंप' होता. एका दुपारी खरंच जमीन हलली होती. मामींची भांड्यांची मांडणी खाली आली, गोठ्यातल्या म्हशी ओरडल्या, मामी धावत जाऊन मामांना गदागदा हलवू लागल्या, तर मामा कूस बदलून म्हणाले, "हलवू नकू गं." उठल्यावर सगळ्या गावाने सांगितलं, भूकंप झाला. मामांनी 'राह्यलं'मध्ये लिहिलं. झोपेतलं धरत नाहीत. आणि त्याच बाजूला एक ओळ होती, 'बायकोला माझं चुकलं म्हणणं'. मामी रोज पेंड काढायला त्या खोलीत जायच्या, रोज ती ओळ वाचायच्या. एकदा मी मामांना म्हटलं, "मामा, हे तर आत्ता होईल, दोन मिनिटांत." मामा म्हणाले, "घाई काय हाय?"

पण सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित, एकच शब्द होता. बिबट्या.

"बाकी समदं राह्यलं तरी चालंल," मामा मला सांगायचे. "पन ह्ये राह्यलं तर पंचाईत हाय. वर गेल्यावर इचारतील, कुठलं तुमी? मी म्हननार, जुन्नरचा. ते म्हनतील, अरं वा, सांगा मग गोष्ट. तवा मी काय सांगू? पिझ्झा?"

दत्तू म्हणाला, पिंजऱ्यात पकडलेला दाखवून आणतो, गाडी काढतो. मामांनी हात जोडले. "कुनाच्या घरी न जाता त्याला पोलीस चौकीत भेटल्यावानी हाय ते. त्यानं यायला पायजे, मी आसायला पायजे, आन् दोघांनी एकमेकाकडं बघायला पायजे. म्हंजे झालं." म्हणून मग मामा दुसऱ्यांच्या बिबट्यांची कसून तपासणी करायचे. शेपूट कसं होतं, उजवीकडून आला का डावीकडून, तुझ्या अंगावर कपडे कोणते होते. भल्याभल्यांचे बिबटे या तपासणीत कुत्रे निघाले.

मामा एकाच माणसाला मानत. निमगाव सावाचा धोंडीबा दरवर्षी मामांच्या शेतात मेंढ्या बसवायचा, लेंडीखतासाठी. एकदा माझ्यासमोर मामांनी त्याला विचारलं, "धोंडीबा, तू पायलास?"

"पायला."

"मग सांग की."

धोंडीबा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "काय सांगू मामा? त्यो बसला व्हता. मी बी बसलो. मंग त्यो गेला. मेंढरू बी गेलं."

एवढंच. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. धोंडीबासमोरच मला म्हणाले, "भाचं, ह्यानं पायलाय. ज्यानं पायला, त्याला लई सांगता येत न्हाई."

आता या वाक्यानंतर शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण मी शिनोलीचा. घोडेगावात स्टेशनरीचं दुकान चालवतो आणि त्याहून जास्त तोंड चालवतो. मी तिथल्या तिथे माझा बिबट्या काढला. तिन्हीसांजेला घोडेगावहून घरी निघालोय, मोटारसायकलच्या उजेडात दोन डोळे चमकले, आणि साक्षात तो! गोष्ट रंगली तसा मी उठून उभा राहिलो. मामींची ठिपक्यांची चादर अंगावर घेतली आणि पडवीत बिबट्याची चाल चालून दाखवली. शेपटीसाठी मागे दोरी सोडली. दोरी म्हशीच्या खुंट्याला अडकली, तोही झटका गोष्टीत घातला. मामी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. त्या घाबरल्या असाव्यात, असं मला वाटलं.

मामांनी मला साक्षीदार विचारले नाहीत. शेपटीची लांबी विचारली नाही. फक्त म्हणाले, "तुज्याकडं बघितलं का रं त्यानं?"

"बघितलं म्हणजे? डोळ्यांत डोळे घालून!"

"बरं," मामा म्हणाले, आणि मामींना सांगितलं, "भाच्याला आजून एक भाकर वाढ. दमलाय त्यो."

त्या दिवसापासून माझी गोष्ट तालुक्यात फिरली. मी प्रत्येक वेळी ती वाढवत गेलो. मामा प्रत्येक वेळी ऐकत गेले.

पुढे वस्तीच्या बाजूला बिबट्याचा वावर वाढला म्हणून दत्तूने घराला कॅमेरा बसवला. आणि एका सकाळी चाकणहून त्याचा फोन आला, तो ओरडतच होता. कॅमेऱ्यात दिसत होतं ते असं. नुकतं फटफटलंय. मामा ओट्यावर बसून मिश्री लावतायत, तोंड गोठ्याकडे, आणि कसल्याशा कारणावरून म्हशीला बोलतायत. मागच्या बाजूने, तुळशीच्या कट्ट्याजवळून, बिबट्या येतो. चांगला भरदार. थांबतो. मामांच्या पाठीकडे बघतो. खाली बसतो. मामा म्हशीला बोटाने दम देतात. बिबट्या मान वाकडी करून ऐकतो. मग उठतो, आळोखेपिळोखे देतो आणि जातो. त्यानंतर मामा मागे वळून चूळ थुंकतात.

अर्धं गाव घरात लोटलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर मामा आणि बिबट्या एकाच चौकटीत. दत्तू सुट्टी टाकून आला. "बाबा, आता तरी लिहा! अख्खं गाव साक्षीदार आहे!"

मामांनी ती फीत चार वेळा पाहिली. मग कोळसा हातात घेऊन भिंतीपाशी गेले आणि कोळसा परत टोपीत ठेवला.

"त्याचं झालं," ते म्हणाले. "त्यानं मला पायलं. जागेपनी, सोताच्या डोळ्यानं. माझं राह्यलं."

नंतर महिनाभर मामा गोठ्याकडे पाठ करून मिश्री लावत होते. म्हशीलासुद्धा मागे न बघता शिव्या देत होते.

मामा गेले ते असेच एका दुपारी, पिठलं-भाकरी खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोहोचलो तेव्हा मामी खांबाला टेकून बसल्या होत्या. रडता रडता मला म्हणाल्या, "झोपंत गेलं रं. म्हंजे मरनबी ह्यांचं राह्यलंच." आणि आम्ही दोघंही नको तेवढं हसलो. भेटायला आलेली माणसं दारातच थबकली.

दहाव्याला नदीवर गर्दी झाली. आमच्याकडे दहावा म्हणजे छोटी सभाच असते. प्रवचन झालं, पाच पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यातले दोघे मामांना ओळखतही होते. पिंड मांडून तासभर झाला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे होते, सगळे बघत होते, खाली एकही येत नव्हता. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग जवळच्या कुणीतरी पुढे होऊन ती पुरी करू असा शब्द द्यायचा असतो. बाकीच्या घरात लोकांना आठवून आठवून इच्छा शोधाव्या लागतात. आमच्याकडे छापील नसली तरी लेखी यादी होती. भिंतीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता.

"वाचा," दत्तू मला म्हणाला.

मी वाचलं, "भूकंप."

दत्तू गोंधळला. हात जोडून म्हणाला, "बाबा, भूकंपाचं... बघतो मी." कावळे हलले नाहीत.

"रेल्वे," मी वाचलं. एका पुढाऱ्याने लगेच माइक ओढला, "रेल्वेचा आमचा पाठपुरावा चालू आहे." बाभळीवरचे दोन कावळे उडून नदीपलीकडे गेले.

मी पुढची ओळ वाचू की नको, असा थांबलो होतो. मामींनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. पदर सावरून पुढे झाल्या. "माजं चुकलं म्हनायचं राह्यलं ना? ऱ्हाऊ द्या. निवडनुकीतल्या त्या तीन फितूर मतांतलं एक माजं व्हतं. फिटलं आता. या."

गर्दीत खसखस पिकली. एक कावळा खालच्या फांदीवर आला. पण तिथेच बसला.

आता एकच ओळ उरली होती. ती मी वाचली. माणूस गेल्यावर त्याला बिबट्या दाखवतो, असा शब्द कोण देणार? पुढारीसुद्धा माइकपासून लांब सरकले. कावळा माझ्याकडे बघत होता. मान किंचित वाकडी करून, सगळी गोष्ट ऐकून घेतल्यावर मामा बघायचे तसा.

मी पुढे झालो, पिंडावरचं फूल नीट करायच्या निमित्ताने वाकलो आणि पुटपुटलो, "मामा, मी पण नाही पाहिला. तो बोका होता."

मी मागे सरकायच्या आत कावळ्याने झडप घातली.

"काय म्हनलास रं?" मामींनी विचारलं.

"काही नाही. नमस्कार केला."

दोन महिन्यांनी मामींनी मला बोलावून घेतलं. म्हशी दुसऱ्यांना दिल्या होत्या, पेंडीची पोती संपली होती, खोली मोकळी झाली होती. "आत जाऊन ये," म्हणाल्या. पोत्यांमागे झाकलेला भिंतीचा खालचा भाग पहिल्यांदाच उघडा पडला होता. 'राह्यलं'च्या बाजूला, अगदी तळाशी, मामांच्या अक्षरात लिहिलं होतं. 'बिबट्या, शिनोलीच्या भाच्याचा पण.' त्याखाली नियमाप्रमाणे दोन साक्षीदार होते. एक धोंडीबा. दुसऱ्या मामी.

मी बाहेर आलो. मामी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू चादर पांघरून चाललास, त्याच राती मला म्हनले, हसू नकू त्याला. त्याचं बी राह्यलंय. सोबत हाय मला."

निघताना त्यांनी मामांची टोपी माझ्या हातात दिली. मी ती दुसऱ्या दिवशी दुकानात घालून बसलो. सकाळीच एका अनोळखी बाईंनी माझ्या कपाळाकडे बघून वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद देऊन मोकळा झालो. दुपारी नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं, वह्यांचा गठ्ठा काउंटरवर ठेवून म्हणालं, "भाऊ, ती तुमची बिबट्याची गोष्ट सांगा ना राव. चादरीवाली. पावनं आलेत, त्यांना ऐकवायचीये."

मी छाती पुढे काढली. "आमी न्हाई पायला."

दुकानात शांतता पसरली. पाहुणे बाहेर बघू लागले. गिऱ्हाइकाने वह्या मोजल्या, परत मोजल्या, मग जरा पुढे वाकून हळूच म्हणालं, "खरं सांगू का, भाऊ? माझ्याबी मेव्हन्यानंच पायलाय."