शेजाऱ्याने आखलेले डोळे

कल्याणच्या चितारआळीत एक रीत होती. ज्याने गणपती घडवला, त्याने त्याचे डोळे आखायचे नाहीत. ते शेजाऱ्याने येऊन आखायचे. आपणच केलेल्या देवाला आपल्याकडे बघायला लावू नये, असं जुने चितारी म्हणत. भाद्रपद लागला की बारा घरांतले चितारी कुंचले घेऊन एकमेकांच्या ओसरीवर बसत, आणि वर्षभराची भांडणं निमूट मिटत.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांत आळी उठली. लाकडाच्या वखारवाल्याने एकेक घर घेतलं. कुणी डोंबिवलीला गेलं, विश्रामचा शेजारी पंढरी आंबिवलीला नोकरीला लागला. चिताऱ्यांपैकी विश्राम तेवढा हलला नाही. वखारवाला आला की म्हणायचा, "घर विकीन हो, पण आळी कशी विकू? ती माझ्या एकट्याची आहे का?" हेकट माणूस! बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलायला भिंती. तरी दरसाल शाडूचे चाळीस गणपती करायचा. डोळ्यांसाठी पंढरी रजा काढून यायचा.

छप्पन साली पंढरीला रजा मिळाली नाही. चतुर्थीच्या आदल्या दुपारी मी मूर्ती न्यायला गेलो, तर चाळीसही गणपती बिनडोळ्यांचे.

मी वैतागलो. "अहो, तुम्हीच आखा की! कोण बघतंय?"

"मी आखले, की आळी मीच बुडवली," विश्राम म्हणाला.

तो उठून समोरच्या गोदूबाईकडे गेला. आळीत दुसरं माणूस तेवढंच उरलं होतं, एका चिताऱ्याची विधवा.

"बायकांनी कुठे कुंचला धरायचा असतो?" ती म्हणाली.

"तीस वर्षं रंग कालवलेत ना? आता धरा."

संध्याकाळपर्यंत तिने सगळे डोळे आखले. डोळे असे मायाळू उतरले की आम्ही गिऱ्हाइकं मूर्ती उचलायचं विसरून बघत राहिलो. कुंचला धुताना ती म्हणाली, "विसर्जन झालं की मुलगा मला ठाण्याजवळ कोलशेतला नेतोय. घर वखारीला दिलं त्याने." विश्राम नुसता 'बरं' म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याने कुणाचंच काम घेतलं नाही. वीतभर एकच गणपती केला, पंच्यात गुंडाळून कोलशेतला नेला आणि गोदूबाईकडून डोळे आखून आणले. चतुर्थीला सकाळी मी त्याच्या दारात थांबलो.

"एका मूर्तीसाठी एवढी पायपीट?"

"शेजार जरा लांब गेलाय," तो म्हणाला.

माझ्या घरी त्या साली बाजारातला साच्याचा गणपती होता; त्याचे डोळे कुणी आखले, ते मी विचारलंही नव्हतं. मला लाज वाटली. आत जायचा धीर झाला नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो, आणि तो एकटाच आरती म्हणत राहिला.