आईने कापलेली डोकी

माझी आई केस फार वाईट कापायची. ती गेल्यापासून सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलताहेत, आणि ते खरंही आहे. पण मी स्वतः केस कापायचा धंदा करते, तेव्हा एवढं एक मला सांगायलाच हवं.

सुरुवात बाबांपासून झाली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत बाबा शिडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, आणि केस वाढून मानेवर आलेले. आईने शिवणाची कात्री काढली, पलंगावरच त्यांना बसवलं आणि भादरलं. उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर वर गेला. बाबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "छान!" नव्या नवऱ्याला दुसरं काय म्हणता येतं? पण आईला ते खरं वाटलं, आणि बाबा जन्माचे अडकले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही सलूनची पायरी चढली नाही. माझ्यासुद्धा.

पुढे आम्हा भावंडांची पाळी आली. शाळेच्या फोटोच्या वेळी फोटोग्राफर माझ्यावर सारखा ओरडत होता, "मान सरळ कर! अगं, सरळ कर!" मान सरळच होती, केस तिरके होते. शेवटी वैतागून मी मान वाकडी केली, तेव्हा तो म्हणाला, "हां, आता बरोबर."

आम्ही मोठे झालो, आपापली डोकी सांभाळू लागलो आणि आईची कात्री रिकामी पडली. तिला मुळातच लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस. कोणाला दवाखान्यात सोबत हवी, कोणाच्या तान्ह्या बाळाला आंघोळ घालायची, ही पिशवी उचलून तयार. त्यातच तिला आमच्या गल्लीच्या टोकाचा वृद्धाश्रम सापडला. दर गुरुवारी ती तिथल्या सगळ्या आजोबांचे केस फुकट कापू लागली. तिला एकच कट येत होता. थोड्याच दिवसांत सगळा आश्रम मागून बाबांसारखा दिसायला लागला.

एकदा बाबा तिला आणायला तिकडे गेले. ती आत कोणाची तरी समजूत काढत होती, म्हणून हे बिचारे बाकावर टेकले. कामावर नवीनच लागलेल्या नर्सने त्यांना रांगेत बसवून साखरेची गोळी दिली, आणि ते फाटकाकडे निघाले तर दंडाला धरून परत आणलं. "आजोबा, कुठे निघालात? जेवायची वेळ झाली." बाबा तिला सांगताहेत, "मी इथला नाही हो!" ती म्हणते, "सगळे हेच म्हणतात." शेवटी आई धावत आली. "अहो, हे माझे आहेत!" नर्सने एकदा बाबांकडे आणि एकदा आजूबाजूच्या डोक्यांकडे बघितलं. "ताई, इथे सगळे तुमचेच दिसताहेत."

यात माझं काय झालं ते कोणी विचारत नाही. मी रीतसर शिकून, आरसे-खुर्च्या लावून आमच्याच गल्लीत सलून थाटलेलं. रोज संध्याकाळी त्याच्या काचेसमोरून आश्रमाची मंडळी फिरायला निघायची, एकजात सगळ्यांचे उजवे कल्ले वर. लोक कौतुकाने विचारायचे, "तुमच्याच घरचे ना हे कट?" आणि सरळ पुढच्या गल्लीतल्या दुकानात शिरायचे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

"आई, निदान सरळ तरी काप गं," मी म्हणायची.

"सरळच कापते. त्यांचे कान वर-खाली आहेत."

"सगळ्यांचे?"

"म्हातारपणी होतात तसे."

खरी गोष्ट अशी की ती केसांकडे बघायचीच नाही. समोर उभी राहून माणसाच्या तोंडाकडे बघायची, आणि तोंडाचा पट्टा चालू. गोळी का चुकवली, मुलाचा फोन आला का, रुसलाय कशाला. कात्री आपली कानामागे वाट फुटेल तिकडे जायची.

मग साधा ताप म्हणता म्हणता आई गेली. बाबा बोलायचे थांबले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे, केस कानांवर आले तरी मला हात लावू देईनात. आश्रमाने तिच्यासाठी शोकसभा ठेवली तर म्हणाले, "या अवतारात मी येत नाही." मला सभेची एवढी चिंता नव्हती. तिच्या सभेलाही गेले नाहीत, तर हे या खुर्चीतून पुन्हा उठणार नाहीत, ही खरी भीती होती.

सभेच्या दिवशी आश्रमातले मास्तर बाबांना न्यायला आले. त्यांचेही केस वाढलेले. "आम्ही कोणीच कापले नाहीत," ते म्हणाले. "पण आज तुम्ही बसा. आमच्यासाठी बसा."

बाबा बसले. मी जीव ओतून केस कापले. पट्टी लावून बघावी असे दोन्ही कल्ले सारखे. आरसा समोर धरला.

"हे कोण?" बाबा म्हणाले.

"बँकेचे साहेब वाटताहेत," मास्तर म्हणाले.

"तिला ओळखू येणार नाही." बाबांनी आरसा माझ्या हातात परत दिला. "उजवा जरा वर घे."

मी घेतला. पण माझ्या हाताला वाकडंही नीटनेटकंच जमत होतं. बाबांनी मान हलवली.

मास्तर हळूच म्हणाले, "पोरी, तू गप्प राहून कापतेस. त्या बोलायच्या."

मी बाबांच्या समोर आले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. किती वाळले होते ते! "सकाळची गोळी घेतलीत का?" मी विचारलं.

"नाही."

"का नाही? आणि ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला? आणि रात्री जागे असता ते मला कळत नाही होय? मलाही झोप येत नाही, बाबा. हाक का मारत नाही?"

बाबांचे डोळे वाहायला लागले. मला पुढचं काही दिसेना. कात्री चालूच होती, कुठे ते देव जाणे. थांबले तेव्हा उजवा कल्ला अर्ध्या कानावर चढला होता.

बाबांनी बाहीने तोंड पुसलं, आरशात बघितलं आणि उठून उभे राहिले.

"माझा पांढरा शर्ट कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्ही तिघांनी सगळी कपाटं उपसली, आणि शेवटी हाती लागला तो चुरगळलेला निळा शर्ट घालून बाबा तिच्या सभेला निघाले.