वसंता टेलरची जीप

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुपारी सोलत होतो. जामसंड्याला तो बहिणीकडे राहायला गेला होता. तिथेच दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. बहिणीच्या मुलानं सांगितलं आणि मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला... माणूस गेल्याचं ऐकून ‘बरं’ कोण म्हणतं? पण खरं ते सांगतो, रडू यायच्या आधी मला भीती वाटली. समोर मांगरात, म्हणजे अंगणाकडेच्या छपरात, त्याची जीप उभी होती आणि घरात बायको खोकत होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. हे छापताना शुद्धलेखन वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी बघून घ्यावं, बाकी एक शब्द बदलू नये. आमची वाडी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर आहे. शेवटची चढण अशी की रिक्षावाले माणसाला खालीच उतरवतात. बायकोला दमा. पंप ओढून भागलं तर ठीक, नाही भागलं तर मालवणचा दवाखाना गाठायचा, आणि तो गाठायला वाडीत एकच गाडी, वसंताची जुनी डिझेल जीप. चिऱ्यांचा ट्रक मी उभी हयात हाकला, घाटात माझा हात आजही कुणी धरू शकणार नाही. पण इंजिनाला मी कधी बोट लावलं नाही. ते मेस्त्रीचं काम, ड्रायव्हरचं नव्हे. वसंता माझ्या उलट. जातीचा शिंपी, स्टेअरिंगवर बसवला की घाम फुटायचा, पण बॉनेट उघडलं की जेवणाची शुद्ध राहत नसे. म्हणून गाडी त्याची, उभी माझ्या मांगरात, चालवायची मी आणि उघडायची त्यानं, असं आमचं ठरून गेलं होतं.

बाजारातल्या मेस्त्रीनं ‘भंगारात घाला’ म्हणून हात झटकले, तेव्हापासून वसंतानं हट्ट धरला. दुकान बंद असलं की गळ्यात टेप, कानामागे खडू, असा तो चढण चढून यायचा. एक गळती बंद केली की दुसरी सुरू व्हायची. डिझेलात हवा धरली की अर्धा दिवस नळ्या सोडून पंप मारत बसायचं, आणि शेवटी इंजिन एकदा खोकून गप्प. सोडलेले नट तो बटणांच्या डब्यात टाकायचा आणि सगळं जोडून झालं की डब्यात एखाददुसरा उरायचाच.

“टेलर, ह्यो खयचो रे?” मी विचारायचो.

“उरांदे. शर्टाक पण मी एक बटाण जास्ती देतंय.”

“शर्टाचा बटाण तुटला तर पोट दिसता. हेचा तुटला तर आमी दिसूचंव नाय.”

तो हसायचा. मी हसत नसे. चढणीवर माझ्या पाठीमागे बायको बसलेली असायची.

गेल्या वर्षी गणपतीनंतर तिचा श्वास सकाळीच अडकला. पंपानं काही होईना. ओठ काळे पडायला लागले तशी तिला मागच्या सीटवर बसवली, वसंताला वाटेत घेतला आणि निघालो. धामापूरच्या तळ्याकडच्या वळणावर काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ सुटली. मागे तिच्या छातीतली शिट्टी, पुढे इंजिनाची... रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नाही. मी जीप कडेला घेतली. वसंतानं हाताला फडकं गुंडाळून पाण्याच्या नळीचं तोंड सोडलं. आधल्याच आठवड्यात त्यानं तिथं नवं पॅकिंग, म्हणजे गळती थांबवायला मध्ये भोक असलेली चकती, कापून बसवलं होतं. ते आत दुमडून नळीच्या तोंडात बूच बसावं तसं बसलं होतं.

“किती कापललंस रे?”

तो खाली बघत म्हणाला, “आतसून बोटभर माया सोडलली. उद्या आटला बिटला तर...”

“आटूक ती काय लुगड्याची चोळी? पाण्याची वाट ती!”

शिंप्याचा हात तो. कापडाला कात्री लावताना शिवणीबाहेर थोडं जास्त सोडायचं, पुढे माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं, त्याला हे लोक माया म्हणतात. जन्मभर माया सोडून कापलेल्या माणसाच्या कात्रीला इंजिन कुठून कळणार? मागून बायको धापा टाकत म्हणाली, “भावजीनू... माज्या छातीत पण... थोडी सोडा.” आणि हसायला गेली तशी आणखीच गुदमरली. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. वसंतानं डॅशबोर्डवरची कुणाची तरी जाड लग्नपत्रिका ओढली, खिशातली कात्री काढली आणि तिचंच नवं पॅकिंग, या खेपेला भोक काठोकाठ, कापून बसवलं. मी तळ्यातून डबा भरून आणला, इंजिन निवेपर्यंत थांबून पाणी ओतलं. ते निवणं किती वेळ चाललं, देवाला ठाऊक. दवाखान्यात पोचलो. डॉक्टरनी तिला वाचवली.

त्यानंतर वसंता बदलला. दुकान उघडायच्या आधी रोज चढण चढून यायचा, मला जीप सुरू करायला लावायचा आणि बॉनेटशी कान देऊन उभा राहायचा. तोही भ्यालेला होता, हे मी ओळखलं होतं.

आता तो नाही. त्याचं तेरावं झाल्यावर बहिणीनं निरोप दिला, जीप तुमच्याकडेच असू दे. परवा बायकोला तपासणीला नेलं. शेजारची सीट रिकामी. चढणीच्या खाली इंजिनाचा आवाज मध्येच बदलल्यासारखा वाटला, मी काट्यावर नजर ठेवली. पण गाडी गेली, दवाखाना झाला. येताना तळ्याजवळ मी जीप बाजूला घेतली, उतरलो आणि बॉनेट उघडलं. आतलं मला काय कळतं? नळ्या, तेल, धूळ. कुठे गळत नव्हतं, कुठे वाफ नव्हती.

“काय झाला ओ?” बायकोनं मागून विचारलं.

“काय नाय.”

“मगे?”

“बघतंय.”

ती हळूहळू खाली उतरली, पदर नाकाला लावून माझ्याशेजारी उभी राहिली आणि तीही आत बघू लागली.