भावोजींचा शनिवार

माझे भावोजी किल्ल्या बनवतात. बाजाराच्या कोपऱ्यावर एवढंसं दुकान. दोन गिऱ्हाईकं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. आणि हाच माणूस दर शनिवारी दुपारी तुरुंगात जायचा, कैद्यांबरोबर गाणी म्हणायला आणि प्रार्थना करायला. लोकांना चेष्टेला आयताच विषय. "अहो, कुलूपवाल्याला आत सोडतात तरी कसे?" भावोजी शांतपणे सांगायचे, "सोडतात की. खिसे तेवढे उलटे करून बघतात."

त्या शनिवारखेरीज त्यांचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. माझ्या ताईचा आजार मज्जातंतूंचा, वर्षानुवर्षं हळूहळू पोखरणारा. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज इतका बारीक झाला की तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. सकाळी भावोजी तिचं अंग पुसायचे, कूस बदलायचे, पाठीला पावडर लावायचे आणि वेणी घालायचे. हो, वेणी! अशी चापूनचोपून की माझ्या हाताला जन्मात जमली नाही. मग दुकान, दुपारी धावत घरी, तिला भरवणं, पुन्हा दुकान. शनिवारी मात्र मी जाऊन बसायचे तिच्याजवळ.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक कुठे होते? होते ना! सुरुवातीला घरात पाय ठेवायला जागा नसायची. पण आजार बराही होत नाही आणि माणूस जातही नाही म्हटल्यावर एकेक करून पांगले. रविवारी उपासना सुटली की विचारायचे, "कशी आहे तब्येत? आम्ही प्रार्थनेत आठवण करतो हं." भावोजी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत यांच्या गाड्या फाटकाबाहेर. असा संताप व्हायचा माझा! देवाला कसली आठवण करून देता, एकदा जिना चढून वर या की! भावोजी आपले, "त्यांनाही संसार आहेत," म्हणून मोकळे. पण एकदा कप विसळता विसळता म्हणाले, "हल्ली मी भांड्यांशी बोलतो गं. घरात कुणाचा तरी आवाज हवा ना."

मग डॉक्टरांनी सांगितलं, आता घसाही चालला. लवकरच नाकातून नळी घालावी लागेल. ताईनं एकच मागणं मागितलं. नळी घालण्याआधी एकदा प्रभुभोजन घ्यायचं, स्वतःच्या तोंडानं.

आमच्या मंडळीचा नियम कडक. प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा, दुसऱ्या कुणी नाही. पाळकसाहेबांच्या गळ्यात चार गावच्या मंडळ्या. "या आठवड्यात नक्की येतो," म्हणायचे आणि आठवडा निघून जायचा. इकडे ताईला पाण्याचा घोटसुद्धा जड व्हायला लागला. शेवटी माझं डोकं फिरलं.

"तुम्हीच द्या ना! इतकी वर्षं तुरुंगात देवाचं काम करताय, बायकोला पावाचा एक तुकडा देता येत नाही?"

"मला तो अधिकार नाही," भावोजी म्हणाले. "तुरुंगात एका म्हाताऱ्यानं शेवटच्या दुखण्यात मागितलं होतं, त्यालाही मी नाही दिलं. नियम घरच्यांसाठी वाकवायचा का?"

तेवढ्यात ताईचे ओठ हलले. आम्ही दोघंही वाकलो.

"अहो, तिथे त्या लोकांना काय सांगता? देव कुणाला ताटकळत ठेवत नाही, हेच ना? मग मी कुणाची वाट बघतेय?"

भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले. येताना बशीत पावाचा नखाएवढा तुकडा आणि चमच्यात द्राक्षरस. किल्लीच्या केसाएवढ्या खाचा घासणाऱ्या हातांनी तो तुकडा आणखी बारीक केला. मग त्यांनी बायबलातलं वचन म्हटलं आणि रसात भिजवलेला तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. ताईला असा ठसका लागला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग घास उतरला. ताई रडत होती आणि हसतही होती. इतकं सुख तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पण रविवारी हा गृहस्थ आपण होऊन पाळकसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगून आला! कमिटी बसली. तुरुंगात जायची परवानगी मंडळीच्या नावावर होती. "तूर्तास तुम्ही थांबा, आम्ही दुसऱ्या कुणाला तरी पाठवू." कसलं पाठवताय! एक माणूस फिरकला नाही तिकडे.

ताईला नळी लागली. पुढच्या शनिवारी मी गेले, तर भावोजी दाढी करून, गाण्यांचं पुस्तक काखोटीला मारून तयार. "येतो गं," म्हणाले आणि गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. मला वाटलं, चला, कमिटीला अक्कल आली.

एका शनिवारी ताईची नळी निसटली. भावोजींचा फोन नेहमीसारखा घरीच. आत नेऊ देत नाहीत ना. शेजारणीला ताईपाशी बसवलं आणि रिक्षानं तुरुंग गाठला. भावोजींचं विचारलं तर दारावरचा शिपाई म्हणाला, "ते होय? ते बघा समोर. दर शनिवारी येऊन बसतात."

समोरच्या बसथांब्यावर भावोजी एकटेच होते. पुस्तक मांडीवर, नजर भिंतीकडे, तोंडातल्या तोंडात गाणं चाललेलं.

"हे काय चाललंय, भावोजी?"

ते दचकले. "आत आमची गाण्याची हीच वेळ. त्यांना ऐकू जात नाही, कळतं मला." मग माझा हात धरून म्हणाले, "तिला सांगू नकोस. त्या एका घासापायी माझं हे काम सुटलं असं कळलं, तर तो घास तिला कायमचा सलत राहील गं."

नळीचं सांगितलं तसे धावतच निघाले. नर्सनं शिकवलं होतं तशी त्यांनी ती हलक्या हातानं पुन्हा बसवली. ताई निवांत झाली आणि तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

चमचाभर रसाची कबुली द्यायला आपल्या पायांनी गेलेला माणूस, त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि सांगायला लागला. "सगळे होते. तो दाढीवाला आज आपण होऊन गायला. तुझी चौकशी करत होते."

मी खिडकीकडे तोंड फिरवून उभी राहिले. डोळे वाहायला लागले होते, काय करणार?

"पुढच्या शनिवारी थोडं लवकर जा," ताई म्हणाली. "वाट बघत असतील बिचारे."

"हो," भावोजी म्हणाले. "बघत असतील."