ता काम माजा, म्हाराजा

"नडगी दाखव."

सामन्याआधी काका प्रत्येक पोराला एवढंच म्हणत. पोराने मोजा खाली केला की आतल्या पॅडवर बोटाने दोनदा वाजवत. टक टक. बंद दारावर वाजवावं तसं. पॅड नसेल तर पोरगं बाहेर, मग बाप कोणीही असो.

एरवी तुमच्या-माझ्या नजरेत भरेल असा हा माणूस नव्हता. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला, आमच्या शेजारी राहायला. पण गावावरच्या उघड्या कातळमाळावर, म्हणजे सड्यावर, पोरांची फुटबॉल स्पर्धा असली की शिट्टी त्यांच्या गळ्यात. मी रेषेबाहेर घड्याळ आणि गोलांचा हिशोब सांभाळायचो. आकड्यांचं काम मला बरं पडतं.

सड्यावर खेळायचं तर आधी राखणदाराला नारळ. मैदानाच्या कडेला जांभ्याचा उभा दगड आहे, तोच आमचा राखणदार देव. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि दर वाक्याला आम्ही साथ देतो.

"पोरांचा खेळ नीट पार पडू दे."

"व्हय म्हाराजा!"

"पोरांचे हातपाय सांभाळ."

इथे आम्ही तोंड उघडायच्या आत मागून काकांचा आवाज यायचा, "ता काम माजा, म्हाराजा."

गुरव चिडायचा. "मेल्या, मधी बोलू नको!"

"त्याच्याकडं शिट्टी हाय काय?" काका दगडाकडे बोट दाखवून विचारत. आम्ही हसायचो.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. फार पूर्वी, बरोबरीत चाललेल्या सामन्यात, लोक ओरडत असताना त्यांनी एक लाथ दिसूनही सोडून दिली होती. ज्याला ती लागली त्या संगमेश्वरच्या पोराचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. "राखणदार बी बघत हुता, मी बी बघत हुतो," ते म्हणाले. "शिट्टी माज्या गळ्यात हुती."

मग एका वर्षी आमची वाडी अंतिम सामन्यात पोचली. आमचा सगळ्यात चपळ पोरगा म्हणजे स्पर्धेचा खर्च करणाऱ्यांचा भाचा. चेंडू निघून गेल्यावर त्याने समोरच्याच्या पोटरीवर बूट हाणला. काकांनी लाल कार्ड काढलं. सगळी वाडी मैदानात धावली.

"अवो काका, पोरगा हाय, चुकला!"

"म्हणूनच. आता नाय थांबवला तर कदी थांबंल?"

"आपल्या वाडीचा हाय!"

"आन ज्याला लागला, त्याचा पाय कुठल्या वाडीचा?"

आम्ही हरलो. कितीतरी दिवस वाडीत त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही. पुढच्या स्पर्धेत तो भाचा मान खाली घालून रांगेत उभा राहिला. काकांनी पॅड वाजवून पाहिलं, मग खाली बसून त्याच्या बुटाची सुटलेली नाडी स्वतः बांधली. "आता धाव," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात काका गेले.

यंदा आंजर्ल्याकडचा एक तरुण रेफरी आला. काकांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. भर दुपार होती, सड्यावर सावली नाही, वारा कानात घोंघावत होता. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं.

"पोरांचे हातपाय सांभाळ."

आम्ही कोणीच साथ दिली नाही. तसं काही ठरलं नव्हतं. तेवढ्यात वाराही पडला. ती शांतता काकांच्या वाक्याएवढीच होती. मी मोजणारा माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही, पण ते वाक्य केवढं होतं ते मला पाठ आहे.

गुरव मागे न बघता हळूच म्हणाला, "मेल्या, मधी बोलू नको."

नव्या रेफरीने वळून पाहिलं. "मागून कोण बोललं?"

रांगेतल्या पोरांनी, कोणी न सांगता, मोजे खाली केले होते. भाचा सगळ्यांत पुढे.

नव्या रेफरीने उघड्या पॅडांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग त्याने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली आणि पहिल्या पोरासमोर वाकला.

टक टक.