पांढऱ्या कुत्र्याच्या चोरीची फिर्याद

ती केस आठवली की माझं डोकं आजही तापतं. मी चौथी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर मला खात्यात घेतलं आणि हुबळीच्या एका ठाण्यात मी शिपाई म्हणून नोकरी केली. इथं नावं कुणाचीच देत नाही, कुत्र्याचंही नाही.

सकाळची हजेरी होते न होते तोच एक नवरा-बायको गाडीतून उतरले. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. बाईंनी रडतच फिर्याद दिली : काल सकाळी कामवालीनं कुत्रं फिरवायला नेलं ते पळवलंच. रायटर लिहून घेऊ लागला. विलायती जात, रंग पांढरा, वासराएवढं दांडगं, उजव्या कानावर पिवळट डाग, अंड्यातला बलक खात नाही, फटाक्यांना घाबरतं.

"कामवालीचं वर्णन सांगा," रायटर म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"सावळी आहे. मध्यम."

"आडनाव?"

"आडनाव कशाला लागतंय तिचं?" बाई म्हणाल्या.

एफआयआर झाला. कुत्रं मुद्देमाल, पोरगी आरोपी. एक जिवंत बाई काल सकाळपासून घरी आलेली नाही, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. तिची आई आदल्या संध्याकाळी लेक हरवली म्हणून ठाण्यात आली होती. "गेली असेल कुठं, येईल," म्हणून तिला घालवून दिलं होतं. आता तिलाच चोराची आई म्हणून धरून आणलं. ती अळणावरकडच्या खेड्यातली. तिची मराठी कानडी फौजदारसाहेबांना धड कळेना, म्हणून जबाबाला मला बसवलं.

"विचारा, लेक कुठं लपवलीय," साहेबांनी दरडावलं.

म्हातारी माझ्याकडे वळली. "अक्का, तिला लहानपणी कुत्रं चावलंय. ती कुत्रं कशाला चोरंल? चोरायचंच तर त्यांच्या घरात मिक्सर नव्हता?"

रायटर हसला. मला हसू आलं नाही. एवढी भीती वाटते तर फिरवते कशी, असं मी विचारलं.

"पट्ट्याची दोरी मनगटाला गुंडाळून गाठ मारती. बाईनं बजावलंय, कुत्रं सुटलं तर तूबी परत येऊ नको. हातावर वळ पडलेत तिच्या."

तेवढ्यात फोन वाजला. कोप्पीकर रोडच्या मागं राहणारे एक गृहस्थ तक्रार करत होते. शेजारच्या अर्धवट इमारतीत कालपासून कुत्रं भुंकतंय, दुपारची वामकुक्षी होत नाही. "महापालिकेला सांगा," म्हणून रायटर फोन ठेवत होता, तो मी त्याच्या हातातून घेतला आणि पत्ता विचारला. मोकळं कुत्रं एका जागी इतका वेळ भुंकत नसतं. ते कशाला तरी बांधलेलं असतं.

तिथं जाऊन बघितलं तर पाण्याच्या टाकीसाठी खणलेला खड्डा होता. वर फळी नाही, भोवती कुंपण नाही. मांजरामागं कुत्रं उधळलं आणि पोरीला ओढत आत घेऊन पडलं. तिच्या मांडीचं हाड मोडलेलं, ओठ सुकून फुटलेले, पण जीव होता. दोरी मनगटात रुतली होती. ती मी चाकूनं कापली आणि खिशात ठेवली.

मालक-मालकीण आले. "अय्यो, माझं बाळ!" म्हणत बाईंनी कुत्र्याला कवटाळलं, मागच्या सीटवर चादर अंथरून बसवलं.

"हिलाही घ्या, हॉस्पिटल वाटेतच आहे," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "तुमच्या जीपमधून न्या की. आरोपी आहे ना ती?"

पुढं गल्लीतल्या प्रतिष्ठितांनी सत्कार ठेवला. कुत्र्याचा. जखमी मोलकरणीला सोडून न जाणारं इमानी जनावर म्हणून. हार, शाल, भाषणं झाली. फौजदारसाहेब व्यासपीठावर होते. पेपरात फोटो आला. तो मी वॉर्डात जाऊन पोरीला दाखवला.

"सोडून कुठं जाईल, अक्का?" ती म्हणाली. "गाठ मी मारली होती."

कागदावर ती अजून चोरच होती. मी साहेबांसमोर ती दोरी ठेवली. म्हटलं, "हिचं नाव काढा, नाहीतर सत्काराला आलेल्या एकेकाच्या दारात जाऊन ही दोरी दाखवते." तेव्हा कुठं बी रिपोर्ट गेला, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल. खड्डा उघडा टाकणाऱ्याला कुणी हटकलंही नाही.

त्या केसपासून एक सवय लागली. फिर्यादी कितीही रडू दे, कशासाठी रडतोय ते आधी बघायचं. कुणी गाडी चोरीला गेली म्हणून आलं की मी विचारायची, "ड्रायव्हर कुठाय?" साहेब लोक हसायचे. हसू देत.

पोरगी लंगडत घरी आली त्याच आठवड्यात बाईंचा निरोप आला : कामावर ये, कुत्रं दुसऱ्या कुणाबरोबर फिरायला जात नाही.

म्हातारीनं निरोप्याला दारातूनच परत लावलं. "एवढं इमानी आहे न्हवं? सांग तुझ्या बाईला, एकटंच सोड त्याला. येईल परत."